तुमचा शनिवार, बाई

बाई,

तुमच्या शोकसभेत मलाही बोलायला लावलं. गोल्फ क्लबच्या हॉलमध्ये, ज्या खिडकीपाशी बसून तुम्ही चहा प्यायच्या, तिथेच खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब लोकांचं बोलून झाल्यावर सेक्रेटरी साहेब म्हणाले, "शमा, तू त्यांची बग्गी चालवायचीस. तूही दोन शब्द बोल." मी उभी राहिले, ओढणी सारखी केली आणि म्हणाले, "बाईंचे माझ्यावर लई उपकार आहेत." एवढंच. मग खाली बसले.

बसता बसताच तुमचा आवाज कानात आला. नेहमीचा, कोरडा. "उपकार? पगार घेतेस ना गं क्लबकडून?"

हा प्रश्न तुम्ही मला कितीदा विचारलात. मी "हो" म्हणायची आणि दुसऱ्या वाक्याला पुन्हा उपकारावर यायची. आपलं भांडण असं काही मोठं नव्हतं. होतं ते या एका शब्दावरून, आणि ते अर्धंच राहिलं. तुम्ही मध्येच उठून गेलात, असं मला वाटतं. भांडण अर्धं टाकून जायची तुमची सवय नव्हती.

क्लबमधले साहेब लोक तुम्हाला मॅडम म्हणायचे. ताथवड्याच्या कॉलेजात तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवलंत, त्यातले काही आज कंपन्यांमध्ये मोठे साहेब आहेत आणि क्लबचे मेंबरही. मी काही तुमची विद्यार्थिनी नव्हते. आमच्याकडे, जिंतूरच्या बाजूला, आठवीत माझी शाळा सुटली. शाळेत ज्यांना मी सगळ्यात जास्त घाबरायची त्यांना बाई म्हणत होते, तोच शब्द तुम्हाला बघून तोंडात आला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "चालेल. पण गृहपाठ देणार नाही."

दिलाही नाहीत. इकडे चाकणला आल्यापासून जो भेटतो तो मला सांगतो, शमा, दहावीला बस, शमा, बाहेरून फॉर्म भर. चांगल्या मनानेच सांगतात. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायच्या, "बग्गी उतारावर तिरकी लाव, नाहीतर आपण दोघी तळ्यात." मी जेवढी होते तेवढीच तुम्हाला पुरली. याबद्दल मी आभारी आहे, बाई, आणि हे तुमच्यासमोर कधी बोलले नाही, कारण तुम्ही परत पगाराचं विचारलं असतं.

तुम्ही खेळायला लागलात ते तुमचे साहेब वारल्यानंतर. आधी सगळी वर्षं ते खेळायचे आणि तुम्ही त्या खिडकीपाशी. उजव्या पायात लहानपणचा पोलिओ, बुटापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, काखेत कुबडी. या बाईंना गोल्फ खेळायचा असेल असं कोणाच्या मनात येणार? साहेबांच्या मागे मेंबरशिप तुमच्या नावावर झाली, आणि एका सकाळी तुम्ही सरावाच्या जागेवर येऊन म्हणालात, "एक स्टिक द्या बघू."

पहिल्या दिवशी तुम्ही पडलात. मी धावले. तुम्ही मातीतूनच हात वर केलात. "थांब तिथेच." मग स्वतःच्या पद्धतीने, कुबडी रोवून, चांगला पाय रोवून उठलात आणि मला नियम सांगितलात. बॉल मारायच्या आधी तुम्ही कुबडी माझ्याकडे देणार. मी ती घेऊन तुमच्या मागे, हाताच्या अंतरावर उभी राहणार. मारून झालं की तुम्ही न बघता हात मागे करणार आणि कुबडी त्या हातात आली पाहिजे. "मधल्या वेळात मी पडले तर पडू दे. धरायचं नाही."

मी विचारलं, "लागलं तर?"

"लागेल. मला लागेल ना, तुला काय?"

नंतर नंतर ते इतकं जमून गेलं, की बघणाऱ्याला वाटावं, कुबडी हवेतच थांबलेली असते. अजूनही कोणी स्टिक फिरवली की माझा उजवा हात पुढे होतो. परवा एका मेंबर साहेबांनी विचारलं, "काय पाहिजे गं?" मी म्हटलं, काही नाही.

तुमचा बॉल लांब जायचा नाही, पण सरळ जायचा. ड्रॉइंगच्या बाई. अडचण बॉल मारायची नव्हती, बॉलपर्यंत पोचायची होती. कोर्स म्हणजे पाऊण डोंगरच. धडधाकट लोक चालत जातात, नाहीतर बग्गीतून गवतावरून थेट बॉलपाशी. तुम्हाला चालणं शक्य नव्हतं, आणि उजवा पाय पॅडलवर दाबता येत नव्हता, म्हणून बग्गी मी चालवायची. इथवर सगळं ठीक. पण गवत ओलं असलं की गेटपाशी पाटी लागते, 'आज बग्ग्या फक्त रस्त्यावर'. पावसाळ्यात ती पाटी जवळजवळ रोजची. मग उन्हाळ्यात नवीन गवत लावलं म्हणून. दिवाळीनंतर पाणी जास्त झालं म्हणून. बाकीचे मेंबर कुरकुर करत बग्गी सिमेंटच्या रस्त्यावर सोडून बॉलपर्यंत चालत जायचे. तुम्ही बग्गीत बसून राहायच्या आणि समोर, मधोमध, तुमचा पांढरा बॉल दिसायचा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं. पळत गेले, बॉल उचलला आणि रस्त्याच्या कडेला, तुमच्या पायापाशी आणून ठेवला. मला वाटलं तुम्ही शाबास म्हणाल.

तुम्ही बॉलकडे बघितलंत, मग माझ्याकडे. रागावला नाहीत. जरा थकल्यासारख्या बोललात. "शमा, बॉल माझ्याकडे नको आणूस. मला बॉलकडे ने."

"पण एकच आहे ना बाई? इथून मारा नाहीतर तिथून."

"मग तू घरीच घेऊन ये. मी गॅलरीतून मारते."

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळत गेलं. कॉलेजने तुमचे सगळे तास तळमजल्यावर ठेवले होते, आणि ड्रॉइंगचा मोठा हॉल वरती. बँकेतला माणूस कागद घेऊन पायऱ्या उतरून गाडीपाशी यायचा. लग्नात तुम्हाला ताट खुर्चीवर मिळायचं, एकटीला, पंगत उठायच्या आधी. सगळे किती चांगलं वागायचे तुमच्याशी. तुम्ही हे सांगताना तक्रार करत नव्हत्या, नकाशा समजावल्यासारखं सांगत होत्या. "लोक वस्तू माझ्याकडे आणतात. मी जायची ती राहूनच जाते."

गवताचं सगळं शेळकेभाऊंच्या हातात. माण गावच्या जुन्या घरातला माणूस, गवताला लेकरासारखं जपणारा. तुमची आणि त्यांची जुगलबंदी मला पाठ आहे.

"बाई, ओल्या गवतात चाक फिरलं की घडी पडती. ती मिटत न्हाई लवकर."

"आणि तुझं गवत कापायचं मशीन? ते काय उडत जातं?"

"त्याच्या पोटाखाली रोलर हाय, बाई."

"मग माझ्या पोटाखाली लाव एक."

शेळकेभाऊ हसले की त्यांचे खांदे हलतात, तोंड हलत नाही. तुम्ही समोरच्या हायवेकडे कुबडी रोखलीत. तिकडे ट्रेलरवर एकावर एक नव्या कोऱ्या गाड्या चढवून चालल्या होत्या. "बघ. या पट्ट्यात एवढ्या गाड्या बनतात, आणि मला एक गाडी गवतावर न्यायला कमिटी बसवावी लागते."

मग सोमवार सापडला. सोमवारी कोर्स बंद असतो आणि सकाळी आम्हा कामाच्या लोकांना खेळायची मुभा असते. कॅडी, माळी, किचनमधले, ज्याला येतं तो खेळतो. जुन्या स्टिका, हरवलेले बॉल, आरडाओरडा. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला पाहुणी म्हणून ने." मेंबर बाई कामवालीची पाहुणी! सगळी पोरं आधी बिचकली. तुम्ही पहिल्याच होलला किचनमधल्या बाळूला हरवलंत आणि त्याला म्हणालात, "काय रे, पोहे चांगले करतोस," तेव्हा मोकळी झाली.

सोमवारी पाटी नसते. शेळकेभाऊ बग्गीच्या पुढे पुढे चालायचे, टाच मारून जमीन बघायचे, मऊ लागली की हात आडवा करायचे, घट्ट लागली की पुढे बोलवायचे. मी त्यांच्या पाठीवर नजर ठेवून गाडी न्यायची. असं करत आपण ओल्या दिवसातही प्रत्येक बॉलपाशी गेलो. घडी कुठे पडली नाही. तुम्ही शेवटच्या होलला बॉल आत घातलात आणि काही वेळ बग्गीत बसूनच राहिलात, चहाही मागितला नाहीत. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुढच्या टायरकडे बघत बसले.

मला वाटलं, झालं. सुटला प्रश्न. मी म्हटलं, "बाई, आता दर सोमवारी. कुणाची कटकट नाही, कुणाची पाटी नाही. देवाचे उपकार."

आणि तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

"मला शनिवार पाहिजे," तुम्ही म्हणालात. महिन्यातल्या एका शनिवारी मेंबर लोकांची स्पर्धा असते. सगळे एकत्र निघतात, संध्याकाळी बोर्डावर नावं लागतात.

"शनिवारी काय वेगळं आहे? जमीन तीच, बॉल तोच."

"शनिवारी लोक असतात."

"तेच तर म्हणते. सोमवारी कुणी बघत नाही, निवांत असतं."

"हो ना. कुणी बघत नाही."

मला पटलं नव्हतं. मला भीती वाटत होती, बाई. तुम्ही कमिटीकडे गेलात तर सोमवारचं उघडं पडेल. बग्गी गवतावर नेली कोणी? शमाने. नवऱ्याचं काम कंत्राटी, कधी आहे कधी नाही. माझं हे काम गेलं तर पुन्हा जिंतूर, पुन्हा सासऱ्यांच्या अंगणात. मी तुम्हाला स्पष्ट म्हणाले होते, "मिळालंय तेवढं घ्या ना बाई. जास्त मागायला गेलं की हातातलं जातं." तुम्ही म्हणालात, "तुझं जाणार नाही हे मी बघेन. पण माझं जे नाहीच, ते जाणार कुठून?"

मग त्या पोराचं सांगितलंत. चिंचवडला कॅलिपरची दुरुस्ती करतात तिथे तो तुम्हाला भेटला होता. अमोल. तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये फोर्कलिफ्टखाली गुडघ्याच्या खालचा पाय गेलेला. आधी क्रिकेट खेळायचा. तुम्ही त्याला म्हणालात, आमच्या खेळात पळावं लागत नाही, बॉल तुझी वाट बघत पडून राहतो. त्याला ते आवडलं म्हणे. "आता त्याला काय सांगू, शमा? सोमवारी ये, सगळं बंद असतं तेव्हा, मागच्या गेटने, ट्रॅक्टरच्या शेडमधून? कुणाला दिसणार नाहीस असा ये?"

मी म्हटलं, "ऊन व्हायलंय, चला." तुम्ही माझी नक्कल केलीत, "ऊन व्हायलंय." विषय तिथेच राहिला.

दुसरीकडे कुठे कुठे असा नियम आहे म्हणे, ज्याला चालता येत नाही त्याच्या बग्गीला निळा झेंडा लावतात आणि पाटी असली तरी ती गवतावर जाते. तुम्ही कमिटीसमोर तेच मागितलंत. परत आलात तेव्हा मी बग्गीपाशी उभी होते. कोणी वाईट बोललं नव्हतं. उलट फार गोड बोलले. म्हणाले, मॅडम, सोमवार तुमचाच समजा. बाकीच्या दिवशी बॉल आणून द्यायला एक खास माणूस देतो.

म्हणजे सोमवारचं त्यांना आधीपासून माहीत होतं. मी उगीच इतके दिवस घाबरत होते. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, तुमचं नंतर. तुम्हाला ते दिसलं असणार. तुम्ही म्हणालात, "सुटलीस बघ," आणि पिशवीतून निळा झेंडा काढलात. हातभर कापडाचा, कडा मशीनवर मारलेल्या. "जुना परकर होता. कमिटी हो म्हणाली की लावू. तोवर तुझ्याकडे."

मी तो डब्याच्या पिशवीत ठेवला. त्यानंतर तुम्हाला ताप आला, छातीत भरलं, दवाखान्यात नेलं. मी भेटायला यायचं म्हणून सुट्टी मागितली होती. सुट्टी मिळाली, ती तुमच्या मातीलाच कामी आली.

आता पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

सभेनंतर कमिटीने मला आणि शेळकेभाऊंना आत बोलावलं. तुमच्या नावाने कपाची स्पर्धा ठेवायचं ठरत होतं. दरवर्षी, ज्यांना हाताला पायाला काही आहे त्यांनाही बोलवायचं, बाहेरच्यांनाही. सेक्रेटरी साहेबांचे डोळे खरंच ओले होते. म्हणाले, "आणि कप सोमवारी ठेवू. मॅडमना सोमवार फार प्रिय होता. कोर्स मोकळा असतो, या लोकांना आरामात खेळता येईल. काय शमा? तू तर बरोबर असायचीस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान हलवली असती की काम झालं असतं. चहा येत होता, बिस्किटं येत होती. माझी मान अर्धी हललीही असेल.

मी म्हटलं, "नाही साहेब. बाईंना शनिवार पाहिजे होता."

"अगं, शनिवारी मेंबर असतात."

"हो साहेब. म्हणूनच."

ओरडून नाही बोलले. माझा आवाज मलाच कमी ऐकू आला. मग दारापाशी उभे असलेले शेळकेभाऊ म्हणाले, "व्हय. शनिवारच म्हनायच्या. आमी दोघं बी व्हतो तवा." थोडं थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं. "ओलं असंल तर मी गाडीच्या फुडं चालतो. गवताला काय झालं तर माझ्याकडं बोट करा."

अध्यक्ष साहेब खिडकीकडे बघत बसले होते, तुमच्या खिडकीकडे. शेवटी म्हणाले, शनिवार ठेवा. पण पाटीचा नियम आहे तो आहे. ओलं असलं तर बग्ग्या रस्त्यावर, बॉल आणून द्यायला माणसं ठेवू. झेंड्याचं पुढच्या मीटिंगमध्ये बघू.

म्हणजे अर्धं मिळालं. तुम्ही अर्ध्यावर खूश झाला नसता. मी झाले. बाहेर येऊन ट्रॅक्टरच्या शेडमागे थोडी रडले, मग बग्ग्या चार्जिंगला लावल्या. नोकरी अजून आहे.

हे मी खरं तर इथेच संपवणार होते. पण आज सकाळी वॉचमनने मला मागच्या गेटवर बोलावलं. एक माणूस उभा होता, तिशीचा, पॅंटखाली एक पाय नकली, जरा वेगळा पडणारा. म्हणाला, "शमाताई का? मी अमोल. बाईंनी सांगितलं होतं, तिकडे गेलास की शमाला विचार." तुम्ही गेल्याचं त्याला कॅलिपरच्या दुकानात कळलं होतं. मग तो म्हणाला, "कपाचं ऐकलं. पण वॉचमनभाऊ म्हणाले सोमवारी इथे ढिलं असतं. सोमवारीच येऊन जाऊ का, इकडूनच? उगा गर्दीत कुणाला माझा त्रास नको."

किती ओळखीचं बोलला तो. माझंच बोलला.

"सोमवारी सुट्टी असते," मी म्हटलं. "शनिवारी या. पुढच्या गेटने."

तो तरी निघेना. आभाळाकडे बघितलं. काल रात्री भरपूर पडून गेला होता, गवतात पाय टाकला तर फचफच वाजत होतं. "ओलं असलं तर? बॉल आणून देतात ना रस्त्यावर? चालेल मला तसं."

"नाही," मी म्हटलं. "बॉल नाही आणत आम्ही. तुम्हाला बॉलकडे नेते."

तो हसला आणि "उपकार झाले ताई" म्हणाला. मी म्हटलं, "पगार घेते मी."

आता बोलून बसलेय, बाई. परवा शनिवार आहे, कपाचा, आणि आभाळ काही हटायचं नाव घेत नाहीये. शेळकेभाऊ दुपारपासून टाच मारत फिरतायत. झेंडा डब्याच्या पिशवीतून काढून इस्त्री केलाय.